सव्वीसशेच्या जागी एकवीसशे

माझ्या टेबलाचा ड्रॉवर अडकला नसता, तर तो जिममधल्या माझ्या खोलीत कशाला आला असता? मी तिथली आहारतज्ज्ञ. तो कुलपं दुरुस्त करणारा. दोन मिनिटांत ड्रॉवर उघडला आणि स्वारी थेट वजनकाट्यावर.

“पन्नास!” तो खूश.

“ती हत्यारांची पिशवी खाली ठेवा आधी.”

ठेवली. पंचेचाळीस. मला हसू आवरेना.

“हसा. मित्र मला काडीच म्हणतात,” तो म्हणाला. “पण मॅडम, अग्निशमन दलाची भरती आहे तीन महिन्यांनी. किमान वजन पन्नास. वयामुळे ही माझी शेवटची संधी… बाकी सगळ्यात मी पहिला असतो हो!”

मी कागद ओढला. शरीर नुसतं चालू राहायला लागतात त्या कॅलरी, त्यात व्यायामाच्या, वर स्नायू वाढावेत म्हणून चारशे. दिवसाला अडीच हजार.

“एवढं खायचं? आई नाचेल आनंदाने!”

तो रोज संध्याकाळी व्यायाम करून घामाने निथळत यायचा, आज काय काय खाल्लं ते सांगायला. “तीन अंडी. एक तुमच्या नावाने.” मी डोळे वटारायचे… आणि उद्या कधी उजाडतोय याची वाट बघायचे. ‘मॅडम’चं ‘तू’ कधी झालं, कळलंसुद्धा नाही.

दीड महिन्यात साडेसत्तेचाळीस झालं. वजन वाढलं की गरजही वाढते, म्हणून आकडा नव्याने काढावा लागतो. त्या दिवशी तो सहज बोलून गेला, “निवड झाली की नेमणूक राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या शहरात. वर्षातून एकदा सुट्टी.”

उत्तर सव्वीसशे आलं होतं. मी एकवीसशे लिहिलं.

चांगल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं. तो जाऊ नये, बस्स, एवढंच डोक्यात होतं. आधीपेक्षा कमी कसं, असं त्याने विचारलं, तर “शरीराला सवय झालीय, आता एवढं पुरे,” असं ठोकून दिलं.

काटा हलेना. “असं का गं?” तो विचारायचा. “थांबतं कधी कधी,” मी म्हणायचे. कसली निर्लज्ज मी!

भरतीच्या दिवशी सत्तेचाळीस भरलं. धावण्यात पहिला येऊनही काट्यावरून परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी आला तो केस नीट विंचरून. डोळे सुजलेले, तरी हसत होता.

“जाऊ दे. नशिबात नव्हतं,” तो म्हणाला. “पण आता इथेच आहे मी… आयुष्यभर. लग्न करशील माझ्याशी?”

हेच तर हवं होतं मला. ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. पण रोज सकाळी याचं तोंड बघायचं, आणि त्याने नशिबाला बोल लावत राहायचं? नाही जमणार.

“नशीब नव्हतं रे,” मी म्हणाले. “मी होते. पाचशे कमी लिहिले… मुद्दाम. तू जाऊ नयेस म्हणून.”

तो हळूच म्हणाला, “आई रोज म्हणायची, अजून एक पोळी घे, अरे घे. मी तिच्यावर ओरडायचो. म्हणायचो, तुला काय कळतं? मॅडमनी सांगितलंय तेवढंच खाणार… काल वजन ऐकून रडली ती. माझंच वाढणं कमी पडलं, म्हणाली.”

“माझं प्रेम आहे तुझ्यावर,” मी रडत म्हणाले.

“माहीत होतं,” तो उठला. “म्हणून तर एकदाही दुसऱ्या कुणाला आकडा दाखवला नाही.”

तो निघाला. मी हाक मारली, पण तो थांबला नाही. घरी जाऊन त्याला आईला सांगायचं होतं, की चूक तिची नव्हती.