रिकाम्या जागांतला हात

मिरजेच्या पुनर्वसन प्रयोगशाळेत त्या सकाळी दोन तज्ज्ञ एका शर्टाकडे टक लावून बघत बसले होते. पांढरा, अर्ध्या बाह्यांचा, पाच बटणांचा शर्ट. तो आफरीन तांबोळीने टी-शर्टवर चढवला होता आणि त्याचं एकही बटण लागलेलं नव्हतं.

आफरीन पंधरा वर्षांची. जन्मताना प्राणवायू कमी पडला आणि तिच्या मेंदूची हातांशी बोलणी कायमची फिसकटली. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. डोकं मात्र असं की कोल्हापूरच्या तंत्रनिकेतनात नकाशाशास्त्राला तिचा नंबर पहिल्या यादीत लागला. वसतिगृहाची अट एकच होती: गणवेश आपला आपण घालता आला पाहिजे, वॉर्डनबाईंसमोर, कुठल्याही यंत्राशिवाय. नाहीतर जागा पुढच्या मुलीला. एकवीस दिवस उरले होते.

"चिकटपट्टीचा शर्ट चालेल म्हणालेत ना ते?" डॉ. तन्मय बिडकरने विचारलं. तो यंत्रमानवशास्त्रातला, वय तेहेतीस, स्वतःच्या बुटांना नाड्या नसलेला.

"सगळ्यांना बटणं आणि मला पट्टी?" आफरीन म्हणाली. तिचे शब्द सावकाश यायचे, पण येताना धार लावून यायचे. "वर्गात कुठंही चर्र वाजलं की पोरी माझ्याकडं बघणार. नको सर. तुम्ही घाला."

कालिंदी माळवदे हसल्या. त्या व्यवसायोपचार तज्ज्ञ. तीस वर्षं झाली तरी नवे पालक त्यांना विचारत, "मग बाई, आमच्या बाळ्याला कुठल्या धंद्यात घालणार?" आणि बाई तितक्याच वर्षांच्या सरावाने सांगत, "जगण्याच्या. घास तोंडात, पाय चपलेत, बटण काजात. मुलांचा धंदा हाच." चमच्याला सायकलची मूठ बसवणं, पेन्सिलीला चपातीच्या पिठाचा गोळा लावून बघणं, असल्या युक्त्या त्यांना झोपेतही सुचत. मार्चअखेर त्या निवृत्त होणार होत्या. म्हणूनच तर अनुबाही जन्माला आली होती.

अनुबाही म्हणजे दंडापासून बोटांपर्यंत चढणारी पातळ बाही, कृत्रिम स्नायूंच्या धाग्यांनी विणलेली. सात वर्षं बाईंनी हातात संवेदक-मोजे घालून तीनशे चाळीस मुलांसोबत काम केलं. मुलांच्या हातावर आपला हात ठेवला, वळवला, आधार दिला. त्या प्रत्येक क्षणाचा 'स्पर्शलेख' जमा झाला.

"तत्त्व सोपं आहे," तन्मय म्हणाला. "बाही आधी बघते, आफरीनचा हात या क्षणी कसा आहे. मग नोंदींमध्ये तसाच दुसरा हात शोधते. आणि त्या वेळी तुमच्या हाताने जे केलं, तेच करते. हाताला वळण लागलं की बाही काढायची. आज तुमचा हात एका खोलीत असतो, उद्या हजार गावांत असेल."

"माझ्या नवऱ्याला एकसुद्धा झेपत नाही," बाई म्हणाल्या. "चालू करा."

बाही सुरू झाली. आफरीनचा उजवा हात बटणाकडे निघाला, कोपराशी अडला, आणि मूठ दगडासारखी मिटली. पुन्हा. पुन्हा. सहाव्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, हा तुमचा हात नाही. तुम्ही असं ओढत नाही."

बाईंनी बाही स्वतःच्या हातावर चढवली आणि तिला चालू द्यायला सांगितलं. मिनिटभरात काढून टाकली. "ही थांबत का नाही? जितक्या जोरात ओढाल तितका आखडलेला स्नायू उलटा ओढतो. मांजराला पिशवीत भरण्यासारखं आहे ते. माझ्या थांबण्याच्या जागा कुठं गेल्या?"

तन्मय जरा बावरला. "त्या काढल्या. दर नोंदीत निम्म्याहून जास्त वेळ तुमच्या हाताचा जोर शून्य होता. रिकामा मजकूर म्हणून गाळला."

"अरे देवा." बाई खुर्चीत बसल्या. "मी तेव्हाच तर काम करत होते, बाळा."

तन्मयचं एक चांगलं होतं. चूक पटली की तो वाद घालत बसत नसे. दोन दिवसांत गाळलेलं सगळं त्याने परत भरलं. आता बाही थांबू लागली. जोर न लावता नुसता पिसासारखा स्पर्श ठेवून वाट बघे, मग जरासा इशारा देई, पुन्हा थांबे. आफरीनची मूठ हळूहळू सैल राहू लागली. आणि नवव्या दिवशी तिने अचानक शर्टाची कॉलर उचलून दातांत धरली, डावी मूठ पोटाशी दाबून काजाची पट्टी पक्की केली आणि उजव्या अंगठ्याच्या पेराने बटण आत लोटलं.

एक बटण. बेचाळीस सेकंद.

आफरीन ओरडली, तन्मय ओरडला. बाई ओरडल्या नाहीत. "हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच की. तुमचाच हात आहे ना आत? तो कॉलर घेऊन तोंडाशी आला. म्हटलं, धरायची असेल."

"मी जन्मात कुणाला दातांनी कपडा धरायला शिकवलेलं नाही! मान वाकडी होते, दात पुढे येतात. मी तर ही सवय मोडते."

तन्मयचा चेहरा पडला. "मग बाहीत दोष आहे. तो भाग शोधतो आणि पुसतो."

"आणि माझं बटण?" आफरीनने विचारलं.

बारा दिवस उरले होते. तन्मय पडद्यापाशी बसला आणि बाहीने कुठल्या नोंदीवरून इशारा दिला ते शोधू लागला. सापडलं तेव्हा त्याने खुर्ची बाईंकडे वळवली.

"बाई, दोष नाहीये. आपणच नीट विचार केला नव्हता. रिकाम्या जागांत तुमचा हात जोर लावत नव्हता, पण स्पर्शही सोडत नव्हता. बरोबर?"

"सुटला की मूल घाबरतं. मी नुसती सोबत जाते."

"म्हणजे त्या वेळी तुमचा हात तिकडे जात होता, जिकडे मूल नेत होतं. मोज्यांनी हालचाल तुमची म्हणून नोंदवली. हालचाल मुलांची होती." त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. "बाहीच्या आत थोड्याशा तुम्ही आहात. बाकी तीनशे चाळीस मुलं आहेत. आफरीनला हे पल्लवी कोरवीने शिकवलं. वय तेव्हा सात."

बाईंना ती आठवली. वीटभट्टीवरच्या कुटुंबातली, आठ महिने आलेली, हट्टी. तन्मयने तिची फाइल उघडली. शेवटची ओळ बाईंच्याच अक्षरात होती: 'प्रगती नाही. दात वापरते, पद्धत चुकीची. सवय मोडता आली नाही.'

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. कौतुकाचे हारतुरे त्यांनी पुष्कळ घेतले होते. पण आपण नापास केलेल्या मुलीने आपल्याच हातात एवढी मोठी गोष्ट ठेवून जावी आणि आपल्याला पत्ताही नसावा, हे नवीन होतं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त अभिमान वाटला. कुणाचा, ते त्यांनाही नेमकं सांगता आलं नसतं.

"पुसू नका," त्या म्हणाल्या. "मान मी सांभाळते. दात तिचे तिला लखलाभ."

उरलेले दिवस आफरीन आधी बाही घालून, मग बाहीशिवाय सराव करत राहिली. एकविसाव्या दिवशी कोल्हापूरच्या वसतिगृहात अनुबाही दाराबाहेर काढून ठेवावी लागली. आफरीनची अम्मी तिथेच ती मांडीवर घेऊन बसली, तान्हं मूल घेऊन बसावं तशी. आत वॉर्डनबाई हाताची घडी घालून उभ्या, शेजारी कालिंदीबाई. पहिलं बटण लागलं. दुसरं, तिसरं, चौथं. दातांत कॉलर बघून वॉर्डनबाईंच्या भुवया वर गेल्या, पण नियमात दातांबद्दल काही नव्हतं.

पाचवं बटण गळ्याचं होतं. तिथे कॉलर दातांत धरली की काजच दिसेनासं होई. पल्लवीच्या सदऱ्याला गळ्याचं बटण नव्हतं. त्या नोंदीत पुढे काहीच नव्हतं.

आफरीन थांबली. कालिंदीबाईंनी आपले हात पाठीमागे घट्ट धरले. वॉर्डनबाई म्हणाल्या, "राहू दे ग, एवढं चालेल."

"नाही चालत," आफरीन म्हणाली. ती दोन पावलं सरकली, उजवा दंड दाराच्या चौकटीला टेकवला तसं त्याचं थरथरणं बसलं. मग हनुवटी वर करून, डाव्या अंगठ्याच्या नखाने तिने काज शोधलं आणि उजव्या अंगठ्याने बटण आत लोटलं. सव्वातीन मिनिटं लागली.

वॉर्डनबाईंनी सही केली. सगळे बाहेर आल्यावर अम्मी रडली, मग रागावली, मग लेकीच्या नाकाचा घाम पुसला. कालिंदीबाई बाजूला उभ्या राहून फोन लावत होत्या. चार दिवस माणसांना विचारत विचारत त्यांनी जतजवळच्या एका गावातला नंबर मिळवला होता.

"कुणाला, बाई?" आफरीनने विचारलं.

"पल्लवीला. तेरा वर्षांची झाली असेल. तिच्या फाइलमध्ये मी एक चुकीचं वाक्य लिहिलंय, ते तिला सांगायचंय."

"माझं पण सांगा." आफरीनने धाप आवरत बाईंचा पदर ओढला. "म्हणावं, चार बटणं तुझी. पाचव्याची युक्ती मी काढलीय, बाहीत नोंदवून घेते. पाहिजे तर ने."