त्याच्या कानाच्या मापाचे

काम अगदी साधं होतं. नवऱ्याचे इयरफोन घेऊन शिंप्याकडे जायचं आणि ते माझ्या कानाच्या मापाचे करून आणायचे. शिंपी म्हणजे कपडे शिवणारा नव्हे. हा माणूस कानांचे साचे घेतो, कमी ऐकू येणाऱ्यांच्या मशीनसाठी आणि गाण्याच्या वेड्यांच्या इयरफोनसाठी. नवऱ्याच्या मित्रमंडळीत त्याला सगळे शिंपीच म्हणायचे. माझ्या नवऱ्याला म्हणायचे भूकंप, कारण त्याला बासपुढे, म्हणजे गाण्यातल्या खोल घुमणाऱ्या आवाजापुढे, दुसरं काही सुचायचं नाही.

दर रविवारी ही मंडळी आमच्या बाहेरच्या खोलीत जमायची. एकाचे इयरफोन दुसऱ्याच्या कानात, आणि मग चर्चेला ऊत. बास घट्ट आहे की पसरट, गाणाऱ्याच्या गळ्यावर चढून बसतो की त्याला खालून उचलून धरतो, नुसता कानात वाजतो की छातीत उतरतो. मी केलेला चहा गार व्हायचा. एकदा तो "बघ, नवे कानातले आणलेत" म्हणाला, तेव्हा मी हात पुसत धावत आले आणि डबीत निघाली काळी वायर. त्यावरून मी त्याला कायम टोमणे मारले.

हे शेवटचे इयरफोन त्याने खास करून घेतले होते. कानात मऊ लगदा ओतून साचा घेतात आणि त्यावरून कडक कवच बनवतात. कान पुरता बंद झाला तरच बास टिकतो, जराशी फट राहिली की गळून जातो. म्हणून त्याचे इयरफोन माझ्या काही कामाचे नव्हते. कानाला टेकवले तर नुसती चिरचिर.

"एकदा ऐक ना," तो म्हणायचा. एका गाण्यात गळा लागायच्या आधी त्याला खूप खोल काहीतरी ऐकू यायचं. धप्… जरा थांबून पुन्हा धप्. मित्रांना ते कधीच ऐकू आलं नाही. भूकंपाला भास होतात, म्हणून ते हसायचे. तो मात्र तेच गाणं लावून डोळे मिटून बसायचा. "तुझेही करून घेऊ," म्हणाला होता. घेऊ की, घाई काय आहे, असं दोघांनाही वाटत राहिलं.

तो गेला त्याला वर्ष होत आलं. त्याला काय ऐकू यायचं ते मला एकदा ऐकायचं होतं, बाकी काही नको होतं.

शिंप्याने इयरफोन उजेडात धरले. "हे फोडावे लागतील, वहिनी. आतलं सगळं काढून तुमच्या मापाच्या कवचात बसवायचं."

"मग फोडा."

"फोडतो. पण हा त्याचा कान आहे. आतून, जसाच्या तसा. फुटला की गेला."

मी हात पुढे करून ते परत घेतले. घरात त्याचे फोटो आहेत, शर्ट आहेत, पण शर्टांना आता हँगरचा आकार आलाय. त्याच्या अंगाचा आकार जगात शिल्लक होता तो एवढाच, शेंगदाण्याएवढा. तो कसा फोडू देणार?

मग रोज संध्याकाळी त्याच्या खुर्चीत बसून ते कानात दाबून बघायचं, हा माझा उद्योग झाला. बसायचे नाहीत. कान लालबुंद व्हायचे. अंधार पडला तरी दिवा लावायला उठवायचं नाही. त्याची फार आठवण यायची, दुसरं काय.

आणि एके दिवशी डावा बसला. दाबलाही नव्हता. आपल्या घरात शिरावा तसा सरळ आत गेला.

फ्रिजची घरघर, खालचा रस्ता, त्या बाजूचं सगळं विझलं. रबराचा वास आला आणि त्याच्यामागून त्याच्या दाढीच्या साबणाचा. मी गाणं लावलं. बास कानात वाजलाच नाही, थेट बरगड्यांखाली आला. आणि गळा लागायच्या आधी… धप्. मग जरा थांबून, धप्.

मी गाणं बंद केलं. तो आवाज बंद झाला नाही.

टाचा होत्या. अनवाणी टाचा, फरशीवर. एक पाऊल टेकत होतं, दुसरं जरा ओढत येत होतं. गुडघा दुखावल्यापासून मी तशीच चालते. आत स्वयंपाकघरात मी चालत होते.

म्हणजे इतके दिवस तो डोळे मिटून हे ऐकत होता. मला रडू फुटलं. मी रडत होते आणि आत पावलं चालूच होती. डबा उघडला. पातेलं ओट्यावर टेकलं.

"चहा टाकू का…?" माझाच आवाज.

"टाक," मी म्हणाले. म्हणायचं नव्हतं, तोंडातून निघालं.

पावलं थांबली. मग वळली… आणि दाराकडे यायला लागली. मी इयरफोन ओढून काढला. तो सहज निघाला नाही.

दिवा लावून आत गेले. कोणी नव्हतं. शेगडी गार होती. ओट्यावर पातेलं होतं, कोरडं. मीच ठेवलं असेन.

दुसऱ्या दिवशी शिंप्याला सांगितलं, हे फोडायचे नाहीत, माझ्यासाठी वेगळे बनवा. त्याने माझ्या दोन्ही कानांत लगदा ओतला, घट्ट झाल्यावर साचे काढले. उजवा बाजूला ठेवला. डावा मात्र हातात धरून बघत राहिला. मग मी आणलेला भूकंपाचा डावा इयरफोन उचलला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"माझीच काहीतरी गफलत झाली," तो म्हणाला. "परत घेऊ."

परत घेतला. पुन्हा तोच आकार, भूकंपाचा. शिंप्याने हात पुसले.

"वहिनी… हा कान दुखतो का?"

"नाही."

"काही दिवस ते घालू नका."

"बरं," मी म्हणाले.

पण मी घालते. एकाच कानाने ऐकलं तर ती, आत चालणारी, दारापर्यंत येते आणि तिथेच थांबते. खुर्चीत कोण बसलंय हे तिला कळत नसावं. दोन्ही बसले म्हणजे कळेल. आत मी आहेच, खुर्चीत तेवढा तो हवा, मग आम्ही दोघं पुन्हा घरात असू. उजवा कान अजून माझाच आहे. रोज थोडा थोडा दाबून बघते.

काल जरासा आत गेला.