एका कप्प्यातले सात पट्टे

आबांच्या खोलीत काहीतरी शिजत होतं, आणि ते आपल्याला कळू नये अशी आबांची इच्छा होती, एवढं शाल्मलीला पुरतं कळून चुकलं होतं.

दुपारची जेवणं झाली की आबा दार लोटून घेत आणि पडदे ओढत. मग आतून एक चिरका, नाचरा सूर ऐकू येई. शाल्मलीने दार ढकललं की सूर गप्प.

"काय करताय आबा?"

"काही नाही गं. जुनी धूळ झटकतोय."

आता धूळ झटकणारा माणूस पडदे कशाला ओढेल? शाल्मली सहावीत होती, कुक्कुलं बाळ नव्हती.

रत्नागिरीच्या टेकडीवरच्या त्या सौर वसाहतीत सहसा कुणाचं काही लपून राहत नसे. घरोघरीच्या यंत्रांवर दक्ष नावाचा यंत्रमानव लक्ष ठेवून असे. कुणाच्या पंपात बिघाड झाला, कुणाच्या दाराच्या कुलपात घुसखोरी झाली, सगळं त्याला बसल्या जागी समजे. पण आबांचा संगणक कुठल्याच जाळ्याला जोडलेला नव्हता. एक जाडजूड कळफलक आणि मागे पोट सुटलेला काचेचा पडदा, बस्स. आबा शाळेत असताना त्यांच्या मामांनी तो मस्कतहून आणला होता.

एके दिवशी तिने दाराच्या फटीतून डोकावलं. पडद्यावर सात रंगीत पट्टे वरखाली लहरत होते आणि त्यांच्याखालून इंग्रजी अक्षरं सरकत होती. तिने ती जुळवून वाचली. 'या खेळाचं कुलूप आम्ही तोडलं आहे. हिंमत असेल तर पकडून दाखवा.'

आपले आबा कुलपं तोडतात?

रात्रभर तिने ते कुणालाच सांगितलं नाही. सकाळी मात्र शाळेत जाता जाता दक्षला गाठून सगळं सांगितलं. "माझं नाव गुप्त राहील ना?"

"राहील," दक्ष म्हणाला.

दुपारी तो दारात हजर झाला. त्याने आबांच्या संगणकाला स्वतःची तार जोडली आणि चाललेला प्रोग्रॅम मधेच थांबवून पाहिला. त्याबरोबर सातही पट्टे गायब झाले, सगळा पडदा निळा! त्याने तो पुन्हा सुरू केला, पुन्हा थांबवला. या वेळी सगळा पडदा पिवळा झाला.

"सामंत आजोबा, प्रकरण गंभीर आहे," दक्ष म्हणाला. "पडद्याच्या रंगासाठी या संगणकाच्या स्मृतीत (माहिती साठवण्याच्या जागेत) एकच कप्पा आहे, आणि त्यात एका वेळी एकच रंग मावतो. मग तक्रारीत म्हटलेले बाकीचे सहा रंग कुठून येतात? शिवाय तपासायला थांबवलं की हा प्रोग्रॅम ते लपवतो. लपतो तो प्रोग्रॅम घातक, असा माझा नियम आहे."

"अरे बाबा, तो थांबवून बघायचाच नसतो."

"घातक प्रोग्रॅमचे मालक नेमकं हेच म्हणतात. आणि चालू असताना तरी सात पट्टे कुठे आहेत? मला फक्त एक अरुंद उजळ पट्टी दिसते. बाकी सगळा अंधार."

शाल्मली चपापली. सात पट्टे तर तिला आत्ताही लख्ख दिसत होते.

"सूर्यास्तापर्यंत खुलासा झाला नाही, तर मला हा संगणक वितळवायला न्यावा लागेल," दक्षने सांगितलं आणि तो दाराशी जाऊन उभा राहिला.

आबा खुर्चीत बसले. त्यांचा पडलेला चेहरा पाहून शाल्मलीला रडू आलं, पण संशय काही जाईना. तिने सरळ विचारलं, "आबा, तुम्ही चोरी करायचात का?"

"नाही गं. तेव्हा संगणकाचे खेळ कॅसेटवर यायचे. कुणी नक्कल करू नये म्हणून त्यांत कुलूप घातलेलं असायचं, म्हणजे नक्कल अडवणाऱ्या सूचना. युरोपातली काही पोरं ते कुलूप तोडायची आणि खेळाच्या आधी आपल्या टोळीची एक सलामी जोडायची. रंग, गाणं, सरकती अक्षरं, सगळा थाटमाट. ज्यांनी खेळ बनवला त्यांचं नुकसान व्हायचं, ते वाईटच. पण ती सलामी त्या पोरांनी स्वतःच्या डोक्याने बनवलेली असायची. मामांनी मस्कतच्या बाजारातून आणलेल्या कॅसेटवर ही एक होती. कॅसेट केव्हाच बुरशीने गेली. आता आठवून आठवून मी ती सलामी नव्याने लिहितोय. खेळ नाही, नुसती सलामी."

"मग पडदे का ओढता?"

"उन्हात ही काच दिसतच नाही."

"आणि मी आले की बंद का करता?"

"तुझी आई हे खोकं भंगारात काढायला टपली आहे. म्हटलं, पूर्ण होऊ दे, मग दाखवू."

पटण्यासारखं होतं, पण शाल्मली इतक्यावर भागवून घेणारी नव्हती. "एका कप्प्यात सात रंग कसे?"

"अंधारात फुलबाजा गोल फिरवला की काय दिसतं?"

"कडं."

"ते तिथे असतं का?"

"नाही. जळतं टोक एकच असतं. डोळ्यांत त्याचा उजेड क्षणभर रेंगाळतो, म्हणून कडं वाटतं."

"अगदी तसंच इथे आहे. या काचेमागे इलेक्ट्रॉनांचा झोत (अतिसूक्ष्म कणांची धार) आहे. तो एकेक आडवी रेषा उजळत वरून खाली येतो आणि पुन्हा वर जातो. सेकंदात पन्नास वेळा. कप्प्यात तांबडा असेल तोवर तो तांबड्या रेषा काढणार. थोड्या रेषा झाल्या की माझा प्रोग्रॅम चटकन कप्प्यात पिवळा टाकतो, मग हिरवा. कप्पा एकच, पण झोत खाली पोचेपर्यंत रंग सात वेळा बदललेला असतो."

"आणि थांबवलं, की रंग बदलणारं कुणी उरतच नाही," शाल्मली सावकाश म्हणाली. "झोत सगळा पडदा शेवटच्या रंगात रंगवत बसतो. पण हे खरं कशावरून? पिवळा टाकायला किंचित उशीर केला तर?"

"तांबडा पट्टा रुंद होईल."

"करून दाखवा."

आबांनी एक आकडा बदलला. तांबडा पट्टा खालच्या बाजूने फुगला. तेव्हा कुठे शाल्मलीचा विश्वास बसला. ती तडक दक्षकडे वळली.

"तू सेकंदाला किती चित्रं टिपतोस?"

"कित्येक हजार."

"तिथेच घोळ झालाय. तुझे डोळे इतके वेगवान आहेत, की झोत त्या क्षणी जिथे असेल तेवढीच पट्टी तुला दिसते. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात टिपलेली सगळी चित्रं एकावर एक ठेवून बघ. आणि प्रोग्रॅम थांबवू नकोस."

दक्ष पडद्यासमोर आला. खिडकीबाहेर सूर्य समुद्राला टेकत होता.

"सात," दक्ष म्हणाला. "हा लपत नव्हता. जे फक्त चालतानाच असतं, ते मी थांबवून शोधत होतो. माझा नियम मला दुरुस्त करावा लागेल." त्याने तार काढून घेतली. "सलामीमागे कुठलाही खेळ नाही, कुलूपही नाही. आता तक्रार बंद करायची, तोवर सूर्यास्ताची मुदत कायम आहे. त्यासाठी तक्रारदाराला समोर येऊन स्वतःच्या आवाजात तसं सांगावं लागतं."

"कोण आहे हा तक्रारदार?" आबा तडकले.

दक्षने नाव घेतलं नाही. त्याने शब्द दिला होता. शाल्मली गप्प राहिली असती तर आबांना कधी कळलंही नसतं, पण मग संगणक वितळवला गेला असता.

"मी," ती म्हणाली. "मी केली होती तक्रार. ती बंद कर, दक्ष."

आबांना लागलं होतं, ते दिसत होतं. "आधी मला विचारायचंस गं."

"विचारलं होतं आबा. तुम्ही 'काही नाही' म्हणालात."

आबांनी खुर्ची बाजूला सरकवून तिच्यासाठी कळफलकापुढे जागा केली. "आठवा पट्टा तू घाल."

तिने जांभळा निवडला. तो आला खरा, पण त्याची कड सारखी थरथरत होती.

"नेमक्या वेळी रंग टाकत नाहीये मी," ती म्हणाली.

"पहिल्यांदा सगळ्यांचाच थरथरतो," आबा म्हणाले. "रंग थोडा आधी, झोत पुढच्या रेषेकडे वळत असतानाच, टाकून बघ." आणि दाराकडे निघालेला दक्ष ते पाहायला परत फिरला.