हिंगूळचा खण

वेंगुर्ल्यात आता पाहुण्याला पाणी देऊन झाले की यजमानीण हमखास विचारते, "तुमच्याकडच्याचे डोळे कसे आहेत?" प्रश्न सापाविषयी असतो. "दुधाळलेत" असे उत्तर मिळाले की सर्वांनाच हायसे वाटते.

हे साप बिनविषारी, प्रयोगशाळेत जन्मलेले. अंड्यातून बाहेर येताच प्रत्येकाला एका विशिष्ट रुग्णाच्या रक्ताची ओळख करून दिली जाते. पुढे कात टाकण्यापूर्वी सापाचे डोळे दुधाळतात, त्याला दिसेनासे होते, आणि जुन्या व नव्या त्वचेच्या मध्ये जो पातळ द्रव साचतो, त्यात त्या रुग्णापुरते, आणि केवळ त्याच्याचपुरते, औषध सिद्ध होते. शास्त्रज्ञांनी त्याला निर्मोकरस हे नाव दिले. लोकांनी त्याचा कातरस केला.

दत्ताराम मेस्त्रींची नऊ वर्षांची नात चारुता या रसावर जगत होती. तिचे स्नायू हळूहळू शिथिल पडत. प्रथम पापणी मिटू लागे, मग गिळणे अवघड होई, आणि शेवटी श्वास. महिन्यातून पाच थेंब मिळाले की ती अंगणभर धावे. तिचे चार साप तालुक्याच्या सर्पशाळेत होते आणि पाळीपाळीने कात टाकत. पण सर्पशाळाच बंद झाली. "शनिवारपर्यंत आपापले साप घेऊन जावे," एवढाच निरोप आला. शहरातून साप ठेवायची तयार मांडणी यायला तीन आठवडे लागणार होते.

"तीन आठवडे कशाला? हे हात काय शोभेचे आहेत?" मेस्त्री म्हणाले. बहात्तराव्या वर्षी त्यांनी करवतीला हळदकुंकू वाहिले, हात जोडले आणि कामाला आरंभ केला.

मांडणी साधी होती. प्लायवूडचे चार खण, प्रत्येकात प्लास्टिकचा एक डबा. डब्याला झाकण नाही. वरची फळी हेच झाकण. हवेसाठी तापल्या खिळ्याने पाडलेली छिद्रे. मागच्या बाजूला दुहेरी पाठ, तिच्या पोकळीत उष्णता देणारी पट्टी आणि तापमान राखणारा संवेदक. मार्गशीर्षातल्या गारव्यात ही ऊब नसेल तर सापाची कात अडते आणि रस धरत नाही.

वसुधा, त्यांची सून, सर्पशाळेने दिलेला कागद मोठ्याने वाचत होती. "बाबा, इथे स्पष्ट लिहिलंय. डबा वरच्या फळीला घासतच सरकला पाहिजे, फट नको."

"घासत? अगो, घासणारा खण म्हणजे मेस्त्रीची बेअब्रू!"

"इथे तुमचा खण कोण बघायला येणार आहे?"

"मी बघतो ना रोज."

"आजोबा, हिंगूळला स्वतःची खोली," चारुता म्हणाली, "आणि मी मात्र आईच्या कुशीत!"

हिंगूळ हा चौघांतला सर्वांत लहान, पेन्सिलीएवढ्या जाडीचा, तांबडा साप. साप घरी आणून मांडणीत ठेवले, त्याच शुक्रवारी संध्याकाळी त्याचे डोळे दुधाळले. शनिवारी अकरा वाजता त्याच्या शेपटीखालून बारीक सुईने रस काढायचा, असे वसुधाने ठरवले. चारुताची डावी पापणी तेव्हाच जड झाली होती.

शनिवारी सकाळी वसुधा न्हाणीघरात असताना मेस्त्रींनी चारही डबे एकदा ओढून पाहिले. खर्रकन आवाज झाला. पन्नास वर्षे ज्या हातांनी खणाला मोकळा श्वास ठेवला होता, त्या हातांना तो आवाज सोसवला नाही. त्यांनी डबे गोणपाटाखाली झाकून ठेवले, रंधा घेतला आणि फळ्यांची खालची बाजू दोन सूत, म्हणजे पाव इंच, उतरवली. डबे लोण्यासारखे सरकू लागले. त्यांचे मन प्रसन्न झाले.

अकराला वसुधाने हिंगूळचा डबा ओढला. डबा निःशब्द बाहेर आला. आत ओला कापूस होता, हिंगूळ नव्हता.

तिने फळीखालून बोट फिरवले. लाकूड नुकतेच तासलेले होते.

"बाबा," ती म्हणाली. आवाज चढला नाही, म्हणूनच तो मेस्त्रींना सहन होईना. "तुम्ही रंधा फिरवलात?"

मेस्त्रींनी मान खाली घातली. "फिरवला."

बारा वाजले, एक वाजला. माठाखाली, पाटावरवंट्याच्या मागे, न्हाणीच्या मोरीत, सर्वत्र शोध झाला. चारुता पाणी प्यायला बसली आणि पाणी तिच्या नाकातून परत आले. वसुधाने फोनवर डॉक्टरांना विचारले. दुसऱ्याचा रस चालणार नाही, आणि कृत्रिम श्वासाची सोय शंभर किलोमीटरवर.

मेस्त्री मांडणीपुढे बसले आणि त्यांनी कान पाठीला लावला. आतून बारीक, कोरडी खरखर ऐकू येत होती. विजेरीच्या उजेडात फटीतून तांबडा वेढा दिसला. आंधळा जीव डब्यावरच्या फटीतून निसटून, पट्टीच्या तारेसाठी ठेवलेल्या भोकातून उबेकडे गेला होता, दुहेरी पाठीच्या पोकळीत, आणि प्लायच्या कडेला जबडा घासत होता. ओठाजवळ कात फाटली होती. रस वाहू लागला होता.

"पाठ उघडा!" वसुधा म्हणाली.

"उघडत नाही गो. स्क्रूबरोबर फेविकॉलही घातलाय. फोडावी लागेल." त्यांनी पटाशी हातात घेतली. "पट्टी त्याच फळीला चिकटवलीय. फोडली की ती फाटणार. बाकी तिघांची ऊब गेली."

वसुधाने चारुताकडे पाहिले. दोन्ही पापण्या आता अर्ध्यावर आल्या होत्या.

"फोडा," ती म्हणाली.

आयुष्यात प्रथमच मेस्त्रींनी स्वतःचे काम स्वतःच्या हातांनी मोडले. पटाशीचे चार घाव, मग कटावणी. पट्टी चरचरत फाटली. वसुधाने हिंगूळला दोन्ही तळव्यांवर असे उचलले, जसे देवघरातले निरांजन उचलावे. बहुतेक रस लाकडाने पिऊन टाकला होता. उरलेला तिने सुईने शेपटीकडून ओढला आणि श्वास रोखून काचनळीत सोडला.

एक. दोन. बऱ्याच वेळाने तिसरा.

तिने ते तीनही थेंब चारुताच्या जिभेखाली सोडले. दोघेही तिच्या छातीकडे पाहत बसले. पाऊण तासाने चारुताने एक घोट पाणी गिळले, आणि ते आतच राहिले.

मेस्त्रींनी तिन्ही डबे आपल्या घोंगडीत गुंडाळून पोटाशी धरले होते. पुढच्या सापाची पाळी अठ्ठावीस दिवसांनी होती. तीही ऊब मिळाली तर. पट्टी येण्यास तीन आठवडे.

"आजोबा," चारुता म्हणाली. तिची उजवी पापणी उघडली होती, डावी अजून नाही. "पाच थेंबांवर मी महिनाभर धावते. मग तीन थेंबांवर किती दिवस?"