चौदा नंबरची रिकामी खोली

"एकोणचाळीस पूर्णांक दोन!" दुआ ओरडली. "आणि दादाच्या डब्यात एकोणचाळीस पूर्णांक तीन!"

"हळू बोल गं, परीक्षक आलेत!" रुहानने धाकट्या बहिणीला चिमटा काढला.

संजनाचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. ती स्क्रीनवरच्या वर वर चढणाऱ्या दोन रेघांकडे बघत होती. कारण त्या रेघा अल कुसैसमधल्या कामगारांच्या कॅम्पच्या ज्या खोलीतून येत होत्या, त्या खोलीत या क्षणी तिचा बाबाजीमामा झोपलेला होता!

आखातातल्या त्या शहरात, ऊद मेथातल्या हॉलमध्ये उन्हाळी सुट्टीतलं विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. नियम एकच, टीममध्ये निदान दोन शाळांची मुलं हवीत. म्हणून आठवीतली संजना आणि दुसऱ्या शाळेतला रुहान एकत्र आले आणि पहिल्याच दिवशी भांडले. खोलीचं तापमान मोजणारा डबा दोघांनीही आपापल्या शाळेत बनवला होता. "माझा खरा!" "हट्, माझा खरा!" शेवटी चौथीतल्या दुआनेच निकाल लावला, "दोन्ही एकाच खोलीत ठेवा ना! यल्ला, चला!" मामाने हसत हसत दोन्ही डबे नेले आणि आपल्या कॅम्पच्या खोलीत फळीवर शेजारीशेजारी मांडले. ही गेल्या रविवारची गोष्ट. रुहानचं ॲप पुरं झालं काल. त्यामुळे सहा दिवसांचे आकडे मुलं आज पहिल्यांदाच बघत होती.

रोज सकाळी दहा वाजले की रेघ चढायची. संध्याकाळी पाचला उतरायची. एक दिवस म्हणून चुकली नव्हती.

"सेन्सर खराब असेल, बेटा," परीक्षक नर्मदा मॅडम म्हणाल्या. "एसीच्या खोलीत चाळीस? पॉसिबलच नाही."

पण संजनाला मामाचं बोलणं आठवलं. एक तारखेपासून त्याला एकट्यालाच रात्रपाळी लागली होती. खोलीतले बाकीचे पाचजण दिवसपाळीचेच. "दिवसा खोली तापते गं, डोळाच लागत नाही," तो म्हणाला होता. एसी गार करत नाही, अशी तक्रारही त्याने कॅम्पचा कारभार बघणाऱ्या कॅम्प बॉसकडे केली होती, पाळी बदलल्याचं मात्र बोलला नव्हता. साहेब आले संध्याकाळी सहाला, एसीसमोर हात धरला, गार वारा! "बहाना मत बनाओ," म्हणून निघून गेले. कामावर मामाला दोनदा डुलकी लागली होती. तिसऱ्यांदा लागली तर नोकरी संपली, थेट गावचं तिकीट, असं सुपरवायझरने बजावलं होतं. रविवारी जेवताना तर हातात घास तसाच धरून मामा झोपला, आणि संजना खो खो हसली होती! आठवून तिला स्वतःचाच राग आला.

तिने मामाला फोन लावला. रिंग वाजली, वाजून थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"अब्बा!" रुहानने स्टॉलमागे बसलेल्या वडिलांना हाक मारली. कमरुद्दीन अंकल रोज पहाटे व्हॅनमधून कॅम्पांना खुबूस, म्हणजे अरबी रोट्या, पोहोचवायचे. कॅम्प बॉसचा नंबर त्यांच्याकडे होताच. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"चौदा नंबर? अरे भाई, वो रूम खाली है! सब ड्यूटी पे हैं. बच्चों का खिलौना बिगड़ा होगा. खलास!" फोन कट!

"खाली? म्हणजे रिकामी?" संजना उडालीच. "अंकल, म्हणूनच रेघ रोज बरोबर दहाला चढते! मामाची पाळी बदललीय हे त्यांच्या रजिस्टरमध्ये आलंच नाही! दहा वाजता सगळे गेले असं समजून ते वरच्या मजल्याच्या एसीची लाईनच बंद करतात!"

"पण डबा बिघडला असेल तर?" अंकलनी विचारलं.

"एक बिघडेल, अब्बा. दोन वेगळ्या शाळांत बनलेले, वेगवेगळ्या पार्टचे डबे सारखेच कसे बिघडतील?"

नर्मदा मॅडम परत वळल्या. दोन्ही रेघा त्यांनी नीट पाहिल्या. त्यांचा चेहरा उतरला. "जा," त्या म्हणाल्या. "स्टॉल राहू दे. आत्ताच्या आत्ता जा! मी ॲम्ब्युलन्सला फोन करते."

व्हॅन निघाली. दुआ मोबाईल धरून आकडे वाचत होती. चाळीस पूर्णांक एक. चाळीस पूर्णांक चार. "बंद कर ना ते!" संजना किंचाळली आणि लगेच म्हणाली, "नको, वाच." प्रत्येक सिग्नल लालच! ती एकसारखा फोन लावत होती आणि मनात म्हणत होती, मामा, उचल ना रे, एकदा उचल, मी परत कधी हसणार नाही.

कॅम्पच्या फाटकात कॅम्प बॉस आडवे उभे. "बच्चे अलाउड नहीं. रूल है!"

रडून भागणार नव्हतं. संजनाने डोळे पुसले. माणूस हट्टी आहे ना? मग हट्टालाच हात घालायचा!

"सर, तुम्ही म्हणता रूम खाली है. फक्त उघडून दाखवा. खाली निघाली तर मी सगळ्यांसमोर सॉरी म्हणेन, आणि प्रोजेक्ट आत्ता कचऱ्यात टाकेन."

"पक्का?"

"पक्का!"

साहेबांनी ऐटीत किल्ल्यांचा जुडगा काढला आणि जिना चढले. मुलं आणि अंकल मागोमाग. वरचा मजला पत्र्याच्या छपराखालचा, जिन्यातच अंग भाजत होतं. चौदा नंबरच्या दारात किल्ली फिरली. दार मात्र हललं नाही.

"सर," दुआने विचारलं, "खाली रूमला आतून कडी कोणी लावली?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्यात संजनाने पुन्हा फोन लावला, आणि दाराच्या आत मामाच्या मोबाईलची रिंग वाजू लागली!

"मामा! मामा, दार उघड!" तिने दोन्ही हातांनी दार बडवलं. आतून चूं की चां नाही. मग कमरुद्दीन अंकलनी खांदा लावला, साहेबांनीही लावला, आणि तिसऱ्या धडकेला कडी तुटली.

मामा जमिनीवर पडला होता. अंगाखाली टाकलेला ओला टॉवेल वाळून गेला होता. अंग चटका बसेल इतकं गरम.

"खाली घ्या! जिन्याखालच्या सावलीत! पाणी आणा!" अंकल ओरडले आणि साहेबांसोबत मामाला उचलून खाली घेऊन गेले. रुहानने बादली आणली, दुआने चादर भिजवली. संजना मामाच्या मानेवर, काखेत ओले कपडे ठेवत राहिली, बदलत राहिली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग मामाच्या पापण्या हलल्या.

"संजू?" त्याचा आवाज जेमतेम निघाला. "अगं... ड्यूटीची वेळ झाली का?"

आता मात्र संजनाला हुंदका आवरला नाही. तेवढ्यात ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला.

संध्याकाळी हॉस्पिटलात कंपनीचे मॅनेजर आले. मामाच्या नावावरच्या दोन्ही वॉर्निंग त्यांनी रद्द केल्या आणि वरच्या मजल्याचा एसी दिवसाही बंद न करण्याचा हुकूम काढला. कॅम्प बॉस मान खाली घालून मागे उभे होते. "बेटी, सॉरी तो मुझे बोलना है," ते म्हणाले, आणि ते खरोखर सगळ्यांसमोर म्हणाले.

नर्मदा मॅडमही आल्या होत्या. स्टॉल रिकामा राहिल्यामुळे टीमला नंबर मिळाला नव्हता. परीक्षकांचा कागद मात्र त्यांनी मुलांना दाखवला. शेरा होता, "मुलं स्टॉलवर नव्हती. जिथे असायला हवी होती, तिथे होती."

"मग डबा कोणाचा खरा?" दुआने विचारलं.

"दोघांचा!" संजना आणि रुहान एकदम म्हणाले.

आठवड्याने मामा खोलीवर परतला. त्या दिवशी दुपारी दोन वाजता संजनाने ॲप उघडलं. चोवीस. चोवीस. चोवीस. रेघ सरळच्या सरळ, काडीची मजा नाही त्यात. आई जेवायला हाका मारत होती, तरी ती कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत बसली. मामा झोपला होता.