काळ्या रोगणाखालचं दार

बो यान त्या सकाळी नेहमीसारखा रोगणाच्या झाडाचा चीक कापडातून गाळत बसला होता. तेवढ्यात राजवाड्याचा कारभारी यादी घेऊन आला.

झंगचा राजा जाऊन महिना झाला होता. त्याच्या शवपेटीवर दारं-खिडक्या रंगवून झाल्या होत्या; आत्म्याला जायला-यायला वाट हवी. आता उरल्या होत्या त्याच्यासोबत पुरल्या जाणाऱ्या एकवीस पोरींच्या पेट्या. यादीतलं नववं नाव शूवेईचं होतं. ती राजवाड्यात वाद्य वाजवायची. बो यानची एकुलती एक मुलगी.

त्यानं पाय धरले. हा मान आहे, असं म्हणत कारभाऱ्यानं त्याला प्रेमानंच उठवलं. मग निदान एखादं दार तरी रंगवू द्या, असं बो यान पुटपुटला.

"नोकरांना दारं कशाला, मिस्त्री? फिरायला जायचंय का त्यांना?" कारभारी हसला. दार दिसलं तर अख्ख्या कारखान्याची मुंडकी उडतील, हेही त्यानं सांगून ठेवलं.

संध्याकाळी शूवेई भेटायला आली. तिची मैत्रीण चियाव सोबत होती. तिचंही नाव यादीत होतं.

"बाबा, माझ्या पेटीला दार काढा. मी घरी येत जाईन."

"काका, मला नुसती फट चालेल हं," चियाव म्हणाली.

बो याननं मनातच हिशेब केला. एकवीस दारं लपली नसती. एक लपलं असतं.

एका पेटीवर त्यानं लाल दार रंगवलं आणि त्यावर काळ्या रोगणाचे सात हात दिले. हा चीक दमट हवेतच वाळतो, म्हणून प्रत्येक हातानंतर पेटी दमट तळघरात ठेवली, मग घासली. दाराचा मागमूस उरला नाही. इतकं चोख काम त्यानं जन्मात केलं नव्हतं.

दफनाच्या दिवशी हमालांनी पेट्या अंगणात कशाही मांडल्या होत्या. एकवीसही सारख्याच काळ्याभोर. रोगणाखालचा केससुद्धा ओळखणारी बोटं त्यानं एकेका पेटीवरून फिरवली. काहीच लागलं नाही. पाचवी असेल... की अकरावी? रांगेतून शूवेई त्याच्याकडे बघत होती. त्यानं हनुवटीनं एका पेटीकडे खूण केली. तिनं हातातला विषाचा पेला संपवला आणि निश्चिंतपणे त्या पेटीत जाऊन निजली.

त्यानंतर तीन महिन्यांनी, भर दुपारी, बो यान वाळत घातलेल्या वाट्या बघायला तळघरात उतरला. दुपार असली तरी तिथं काळोखच. भिंतींना पाणी सुटलेलं, चिकाचा आंबूस वास. फळ्यांच्या मागे ओली पावलं वाजली. सावकाश, चाचपडत येणारी... 'बाबा' या हाकेची तो वाट बघत उभा राहिला.

"काका..."

आवाज चियावचा होता.

"थडग्यातून तुमच्याकडे कसं यायचं ते मला ठाऊक नव्हतं, काका. शूवेईनं वाट सांगितली... पलीकडच्या पेटीतून."

कुठंतरी पाणी ठिबकत होतं.

"तिनं एक विचारायला सांगितलंय," चियाव हळूच म्हणाली. "तिच्या दाराचं रोगण वाळायला... अजून किती दिवस लागतील?"