पांढऱ्या डोंगरातली ओटी

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. मीही आधी हसलेच होते.

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामेबहिणीची आहे. ऐकीव नाही, तिच्याच तोंडून ऐकलेली. आणि ज्या संध्याकाळी हे सगळं संपलं... म्हणजे संपलं असं तिला वाटलं... ती संध्याकाळ जून २००६ मधली. जागा सिंगापूर. पासिर रिसमधल्या एका इमारतीचा अकरावा मजला.

माझी ही बहीण मधुवंती. आम्ही तिला मधू म्हणतो. तिचा नवरा निशिकांत मूळचा साताऱ्याचा, सिंगापूरला बँकेत जहाज कंपन्यांचं काम बघतो. सिंगापूरने त्याला सगळं दिलं, फक्त डोंगर दिला नाही. बुकित तिमाहच्या टेकडीला डोंगर म्हणायला हा गडी शेवटपर्यंत तयार झाला नाही.

मधूचं दुःख वेगळं होतं.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले, दोनदा सगळं हातातून निसटलं. मग दवाखाने, इंजेक्शनं आणि वाट बघणं. शेवटी डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, थोडे दिवस हे सगळं बाजूला ठेवा आणि कुठेतरी फिरून या.

निशिकांतने क्रीट निवडलं. भूमध्य समुद्रातलं ग्रीसचं बेट.

"समुद्र काय, इथे खिडकीतून दिसतो," तो म्हणाला. "आपण तिथल्या डोंगरात जायचं."

साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. "घाट लागला की घाटातल्या देवीची ओटी भरल्याशिवाय पुढे जायचं नाही हो मधू. सामान बरोबर ठेव."

मधूने बॅगेत खण, तांदूळ, सुपारी, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि सुक्या खोबऱ्याची वाटी भरली. निशिकांतला चेष्टेला विषयच मिळाला.

"ग्रीसमध्ये घाटदेवी कुठून आणणार तू?"

"घाट आहे ना? मग देवी असणारच."

अथेन्सहून जहाजाने ते क्रीटला उतरले. चानियाच्या बंदरावरून वर बघितलं, तर एप्रिल संपत आला तरी डोंगरमाथ्यावर बर्फ. त्या रांगेला तिथले लोक पांढरे डोंगरच म्हणतात. दोघांनी भाड्याची गाडी घेतली. संत्र्यांच्या बागा मागे पडल्या आणि घाट सुरू झाला. वळणामागून वळण. रस्त्यावरच्या पाट्यांना बंदुकीच्या गोळ्यांची भोकं पडलेली, कारण तिथल्या हौशी मंडळींचा नेमबाजीचा सराव पाट्यांवरच चालतो. एका गावात मोठ्या चिनाराखाली झरा होता. तिथल्या कॉफीच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने, ओळख ना पाळख, मध घातलेलं चीज पुढे ठेवलं आणि पैसे काही घेतले नाहीत.

वर ओमालोसचं पठार लागलं. चहूबाजूंनी डोंगर, मधे हिरवंगार मैदान, आणि त्यात शेकडो मेंढ्या. प्रत्येकीच्या गळ्यात घंटा. पठाराच्या टोकाला सामारियाची खोल दरी. ती अजून लोकांसाठी खुली झाली नव्हती, म्हणून काठावरूनच बघायची. एक गिधाड यांच्या पायांच्याही खाली घिरट्या घालत होतं. निशिकांत किती तरी वेळ कठड्याला टेकून उभा राहिला आणि मग मधूचा हात धरून चक्क रडला. इतक्या वर्षांत तिच्यासमोर तो पहिल्यांदाच रडत होता.

मधू म्हणते, तो दिवस फार चांगला होता.

परत उतरताना एका अवघड वळणावर तिला ते दिसलं...

लोखंडी खांबावर बसवलेलं, पत्र्याचं, हातभर उंचीचं देऊळ. निळा रंग. वर क्रूस होता, पण मुंबईला माउंट मेरीला मेणबत्ती लावताना आपण कधी धर्म बघितलाय? धुरकटलेल्या काचेच्या आत तेलाचा दिवा जळत होता. मागे मांडीवर बाळ घेतलेल्या आईचं चित्र.

"बघ," मधू म्हणाली. "म्हटलं नव्हतं?"

तिने ओटी भरली. खण, तांदूळ, सुपारी, खोबरं. डोळे मिटून म्हणाली, "आई, एक लेकरू माझ्या ओटीत घाल. मी त्याला जपेन."

त्या क्षणी...

डोंगरावरच्या मेंढ्यांच्या घंटा थांबल्या. एकदम. सगळ्या.

निशिकांतने एक फोटो काढला. दोघं गाडीत बसले, दारं लावून घेतली.

आणि मग मागचं दार लागल्याचा आवाज आला.

मागे कुणीच नव्हतं.

सिंगापूरला परत आल्यावर दोन-तीन दिवस काहीच झालं नाही. मग एका दुपारी जोरात पाऊस आला. मधू खिडक्या लावत होती. आतल्या खोलीतून आवाज आला...

टुण...

बारीकशी घंटा. मेंढीच्या गळ्यातली असते ना, तशी.

ती आत गेली. खोली रिकामी. फक्त रानातल्या ओव्यासारखा वास येत होता. पांढऱ्या डोंगरात असाच वास होता.

शेजारी आंटी टिओ राहायच्या. चिनी बाई, नवरा निवृत्त. त्यांच्या दारापाशी पिंजऱ्यात एक पक्षी टांगलेला असायचा, दिवसभर गाऊन कान किटवणारा. हल्ली मधू दार उघडून बाहेर आली की तो गप्प व्हायचा.

पण दर वेळी नाही. मागून ती घंटा वाजली, तरच.

संध्याकाळी तिने देवापुढे निरांजन लावलं की ज्योत वाकायची. पंखा बंद, खिडकी बंद. कुणीतरी गाल फुगवून हळूच फुंकर घालावी, तशी वाकायची. एकदा मधूच्या तोंडून सहज निघून गेलं, "फुंकू नको रे, भाजेल."

ज्योत सरळ झाली.

ती घाबरली असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ती घाबरली नाही. तिला आनंद झाला. इतकी वर्षं ज्या घरात दोन माणसांचंच जेवण व्हायचं, तिथे ती दुपारी छोट्या वाटीत दूधभात कालवायला लागली. रिकाम्या खोलीशी बोलायला लागली. अंगाई म्हणायला लागली. निशिकांत दाराआडून ऐकायचा आणि बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, या काळजीने त्याचं कामात लक्ष लागेना.

मग एक दिवस कॉरिडॉरमध्ये आंटी टिओंनी मधूला थांबवलं. त्यांची नजर मधूच्या मागे, खाली होती.

"युअर बॉय आह, सो क्वाएट वन. हाऊ ओल्ड?"

मधूच्या मागे कुणीच नव्हतं.

"चार," तिने इंग्रजीत सांगितलं. का सांगितलं, तिला कळलं नाही. तोंडातून आलं.

त्याच आठवड्यात निशिकांत भर दुपारी घरी आला. चेहरा पांढराफटक. बँकेत त्याच्याकडे स्टेलिओस नावाचा एक ग्रीक माणूस यायचा, जहाज कंपनीतला, मूळचा क्रीटचाच. निशिकांतने त्याला कौतुकाने सहलीचे फोटो दाखवले होते. देवळाच्या फोटोवर स्टेलिओस थांबला.

"याचा फोटो का काढलात?" त्याने विचारलं. "हे देऊळ नव्हे. रस्त्यावर कुणी अपघातात गेलं, की घरचे त्या जागी असं उभारतात. रोज येऊन दिवा लावतात."

मग त्याने बोट ठेवून दाखवलं. आई आणि बाळाच्या चित्राशेजारी, काचेच्या कोपऱ्यात, आणखी एक छोटा फोटो होता. निळ्या स्वेटरमधला मुलगा. खाली नाव.

मानोली. वय चार.

निशिकांतने त्याला सगळं सांगून टाकलं. ओटी, घंटा, शेजारणीचा प्रश्न. स्टेलिओस हसला नाही. त्याने तिथूनच गावाकडे फोन लावला आणि बराच वेळ बोलला.

"काय म्हणाले गावाकडचे?" मधूने विचारलं.

"त्याची आई रोज संध्याकाळी चालत त्या वळणावर यायची," निशिकांत म्हणाला. "दिवा लावायची, त्याच्याशी बोलायची आणि घरी जायची. पण एप्रिलपासून ती घरीच जात नाही म्हणे, मधू. दिवसभर तिथेच बसते. गाड्या थांबवते. माझा मानोली इथे नाहीये, तुम्ही कुणी बघितलात का, असं विचारते."

मधूने आतल्या खोलीकडे बघितलं.

आतल्या खोलीत... टुण... कुणीतरी खेळत होतं.

"मी मागितलं होतं रे," ती म्हणाली. "पण दुसरीचं नव्हतं मागितलं."

ती रात्रभर रडली. निशिकांतने एका शब्दाने सांगितलं नाही की त्याला पाठव. तेवढी हिंमत त्यालाही नव्हती. ठरवलं ते मधूनेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने दूधभात कालवला. वाटी खाली ठेवली, दार सताड उघडलं आणि गुडघ्यांवर बसली.

"बाळा, घरी जा आता. आई वाट बघतेय तुझी. रस्त्यावर बसलीये ती."

काहीच हाललं नाही.

"जा ना रे राजा."

टुण... आवाज तिच्या अगदी जवळ आला. मग तिच्या ओढणीचं टोक ताणलं गेलं. मूठभर. कुणीतरी घट्ट धरलं होतं.

मधूने किती वेळ समजावलं, तिलाच माहीत. मुठीची पकड सुटेना. शेवटी तिने ओढणी हिसकली आणि आयुष्यात कुणावर ओरडली नसेल इतक्या जोरात ओरडली.

"जा म्हणते ना! इथे यायचं नाही परत! कळलं? अजिबात यायचं नाही!"

टुण...

मग घंटेचा आवाज दाराबाहेर गेला. कॉरिडॉरमधून लांब लांब, जिन्यावरून खाली खाली. मग ऐकू येईनासा झाला.

शेजारचा पक्षी गायला लागला.

मधू उंबऱ्यात तशीच बसून होती. दोनदा तिने मूल गमावलं होतं. हे तिसरं, आणि याला तिने स्वतःच्या हाताने घालवलं होतं. पण ते त्याच्या आईकडे गेलं, एवढा एकच विचार तिने धरून ठेवला. त्यावर पुढचे काही आठवडे तिने काढले. जेवू लागली, बाहेर जाऊ लागली. निशिकांतलाही वाटलं, सुटलो.

मग एका संध्याकाळी आंटी टिओ बाजारातून आल्या. हातात पिशव्या. मधूच्या दारात थांबल्या आणि जरा रागानेच बोलल्या. त्यांचं इंग्रजी मी मराठीत सांगते, कारण मधूनेही मला तसंच सांगितलं.

"काय गं, तुझ्या मुलाला खाली असं एकटं का सोडतेस? रोज बघते मी. तळमजल्यावर लिफ्टपाशी उभा असतो. टाचा उंच करतो, तरी बटणाला हात पोचत नाही बिचाऱ्याचा."

मधू उंबऱ्याबाहेर आली.

"आज मी म्हटलं, चल, आंटी दाबते, चल वर. तर नको म्हणतो. मान हलवतो नुसती. डोळ्यात पाणी. कोण रागावलं त्याला?"

मधू जिन्याने खाली धावली. अकरा मजले. खाली खांबांमधल्या मोकळ्या जागेत म्हातारे बुद्धिबळ खेळत होते, कुणाची तरी सायकल पडली होती. लिफ्टपाशी कुणीच नव्हतं.

"ये रे!" ती वेड्यासारखी ओरडली. "वर ये! मी चुकले! ये!"

म्हातारे बघत राहिले.

घंटा वाजली नाही.

पुढे स्टेलिओसची बदली झाली, त्यामुळे त्या वळणावर काय चाललंय ते कळायची वाट बंद झाली. आंटी टिओ मुलीकडे, शहराच्या दुसऱ्या भागात, आंग मो किओला राहायला गेल्या. त्यांच्याशिवाय तो कधी कुणालाच दिसला नव्हता. तो अजून खाली आहे की नाही, हे सांगणारं आता कुणी उरलं नाही.

निशिकांत म्हणाला, आपण पुन्हा क्रीटला जाऊ, त्याला पोचवून येऊ. मधूने विचारलं, "आणि तो बरोबर आला, हे तुला कसं कळणार?" घर बदलू म्हणाला, तर तिने ऐकूनच घेतलं नाही.

मागच्या वर्षी मी त्यांच्याकडे गेले होते. हे सगळं तेव्हाच ऐकलं. मी तिला म्हटलं, "अगं, पण ते क्रीटचं पोर. त्याला तुझं मराठी कुठून कळणार?"

"रागावलेलं कळतं गं त्यांना," ती म्हणाली. "तेवढंच कळलं बघ त्याला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी भाजी घेऊन परत आलो. लिफ्टमध्ये शिरलो. मी अकराचं बटण दाबलं. दार मिटायला लागलं तसा मधूने हात आडवा घातला. दार पुन्हा उघडलं. बाहेर कुणी नव्हतं.

"कुणी येतंय का?" मी विचारलं.

ती हात तसाच धरून उभी राहिली. लिफ्ट कुरकुरायला लागली, मागून आलेला एक माणूस दुसऱ्या लिफ्टकडे गेला, तरी ती उभीच.

खूप वेळाने तिने हात काढला.

दार मिटताना मला वाटलं, आपण खाली बघावं. एखाद्या चार वर्षांच्या पोराची उंची असते, तिथे.

मी नाही बघितलं. माझी हिंमत झाली नाही. मी वरच्या आकड्यांकडे बघत राहिले, आणि मधू शेजारी उभी राहून आवाज न करता रडत होती.